ना धड इंग्रजी, ना धड मराठी

केळशीच्या महालक्ष्मीच्या उत्सवाला मुंबईहून आलेली मंडळी सहज बोलून जातात, ‘माझे मिस्टर’, ‘एक लेडीज’. इंग्रजीत मिस्टर म्हणजे नवरा नव्हे आणि लेडीज तर अनेकवचन! म्हणजे ‘यजमान’, ‘बाई’ हे आपले अचूक शब्द टाकून आपण परक्यांचे शब्द घेतले, तेही चुकीचे. इंग्रजी स्पेलिंग चुकले की आपण ओशाळतो. ‘आशीर्वाद’मधील ‘शी’ ऱ्हस्व लिहिताना मात्र निर्धास्त! याच रत्नागिरी जिल्ह्यात १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द त्यांचेच. २०२४ मध्ये मराठी अभिजात ठरली. राजमान्यता मिळाली, घरमान्यतेचे काय? इंग्रजी अवश्य शिकावी, शुद्धच शिकावी. पण आपल्या ओटीवर मराठीच नांदावी.