गालफुगी आली, गेली; पण एक कान गेला तर?

वर्गातल्या एका पोराचा गाल सुजला, की दोन-तीन आठवड्यांत त्याच वर्गात आणखी चार-दोन सुजलेले गाल दिसतात. घरी लेप लावला जातो, तापाची गोळी दिली जाते आणि आठ-दहा दिवसांत पोरं पुन्हा शाळेत. त्यामुळे गालगुंड, म्हणजेच गालफुगी, हा ‘येतो नि जातो’ असाच आजार धरला जातो. बहुतेकांच्या बाबतीत तसं होतंही. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

दवाखान्याच्या रजिस्टरवरून या आजाराचा खरा पसारा कळत नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना सूज येतच नाही. ते हिंडत-फिरत राहतात. सूज आलेल्यांतही जे घरच्या घरी बरे होतात, त्यांची नोंद कुठेच होत नाही. केरळमध्ये २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत हजारो रुग्णांची नोंद झाली, तेव्हा या ‘साध्या’ आजाराची देशभर चर्चा झाली.

धोका कुणाला, किती?

वयात आल्यावर गालगुंड झालं आणि लस घेतलेली नसेल, तर शंभरातल्या १५ ते ३० पुरुषांच्या वृषणाला सूज येते. त्यातून कायमचं वंध्यत्व येणं मात्र दुर्मीळ आहे. गावातली भीती त्यापेक्षा मोठी आहे. शंभरात एक ते दहा रुग्णांच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते. खुद्द मेंदूला सूज येणं क्वचितच घडतं, पण जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो कान. वीस हजारांत एकाला बहिरेपण येतं, असं पूर्वी मानलं जायचं. जपानमध्ये मुलांची नीट पाहणी झाली, तेव्हा हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास निघालं. बहुतेकदा एकच कान जातो, तोही कायमचा. दुसरा कान शाबूत असल्याने मूल बोलतं, हाक मारली की वळून बघतं. घरच्यांना पत्ता लागत नाही आणि शाळेत ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसतो.

लसीतला एक ‘एम’

सरकारी लसीकरणात बाळाला ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत मिळते ती ‘एमआर’ लस, म्हणजे गोवर-रुबेलाची. गालगुंडाची लस ‘एमएमआर’मध्ये असते आणि ती खासगी दवाखान्यात पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते. कार्डावर ‘एमआर’ची नोंद बघून गालगुंडाचीही लस झाली, असा समज करून घेऊ नये. अमेरिकेत १९६७ मध्ये ही लस आली, तेव्हा तिथे वर्षाला दीड लाखाहून जास्त रुग्णांची नोंद होत असे. पुढे रुग्णसंख्या ९९ टक्क्यांनी घटली.

लस सरसकट देण्यात एक मेख आहे. थोड्याच मुलांना लस मिळाली, तर साथ मंदावते. पण बाकीच्यांना आजार मोठेपणी गाठतो आणि तेव्हा गुंतागुंत वाढते. म्हणून ८० टक्क्यांहून जास्त मुलांपर्यंत लस पोहोचवता येत असेल तिथेच ती नियमित द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे वाडी-तांड्यापर्यंतचं लसीकरण पक्कं करणं ही पहिली पायरी.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. सूज दिसल्यापासून पाच दिवस मूल घरी ठेवावं. एका वर्गात दोन-तीन मुलं दिसली, तर शिक्षकांनी आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं. तीव्र डोकेदुखी, वारंवार उलट्या, झापड किंवा वृषणाला सूज असेल, तर दुखणं अंगावर काढू नये. मूल बरं झाल्यावर एकेक कान बंद करून ऐकू येतं का बघावं. शंका आली तर कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा अशा मुलांची नावं शाळेने आधीच काढून ठेवली, तर एकही मूल नजरेतून सुटणार नाही.