राजुऱ्याचा आरटी-१ पिंजऱ्यात गेला. आता पुढच्या वाघाचं काय?

२७ ऑक्टोबर २०२०. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात अनेक महिन्यांनी लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आरटी-१ नावाचा नर वाघ रेल्वेमार्गाखालच्या मोरीजवळ अखेर वनविभागाच्या हाती लागला होता.

२०१९च्या सुरुवातीपासून राजुरा-विरूर भागात आठ माणसांचा जीव गेला होता. कापूस वेचायला जायचं तर घोळक्यानं, गुरं चारायची तर गावाच्या कडेकडेनं, आणि अंधार पडायच्या आत घरी, असं सगळं चाललं होतं. ट्रॅप कॅमेरे, गस्ती पथकं, पिंजरे लावूनही वाघ हुलकावणी देत होता. त्यामुळे तो सापडल्यावर गावांमध्ये जल्लोष झाला, त्यात नवल काहीच नाही.

आरटी-१ची रवानगी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात झाली आणि बातमी तिथं संपली. वाघाचं पुढचं आयुष्य मात्र तिथूनच सुरू झालं.

पिंजऱ्यातल्या वाघाचा व्हिडिओ फिरायला लागला की दोन गट पडतात. एक म्हणतो, "जंगलचा राजा कोंडून ठेवणं पाप आहे, सगळी प्राणिसंग्रहालयं बंद करा." दुसरा म्हणतो, "तुमच्या घरातला माणूस गेला असता तर कळलं असतं." दोघांचंही पूर्ण चूक नाही. पण राजुऱ्यात बसून या वादाकडे पाहिलं की प्रश्न थोडा वेगळा दिसतो. म्हणून जरा मुळापासून समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो?

वाघ हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याला हात लावायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. कलम ११ नुसार वाघ माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा होऊच शकणार नाही इतका अपंग वा आजारी असेल तरच असा आदेश निघू शकतो.

यात दोन अटी आहेत. पहिली, वाघाला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नसेल तरच ठार मारायचा आदेश द्यायचा. ही बऱ्याच जणांना माहीत असते. दुसरी अट कमी लोकांना ठाऊक आहे. पकडलेल्या प्राण्याचं जंगलात पुनर्वसन होऊच शकत नसेल, तरच त्याला कायमचं बंदिस्त ठेवायचं आणि त्याची कारणं लेखी नोंदवायची.

म्हणजे कायद्याच्या नजरेत पिंजरा हा सोपा मार्ग नाही. गोळीच्या खालोखालचा शेवटचा उपाय आहे.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्या वाघामुळे माणूस दगावला आहे, त्याला पकडल्यावर परत जंगलात सोडायचं नाही, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात पाठवायचं. आरटी-१ गोरेवाड्यात गेला तो याच वाटेनं.

आता तुम्ही म्हणाल, गोरेवाड्यात तर बचाव केंद्र आहे, प्राणिसंग्रहालयाचा इथं काय संबंध? तर संबंध आहे. कायद्याच्या व्याख्येत बचाव केंद्रसुद्धा प्राणिसंग्रहालयातच मोडतं. फरक इतकाच की तिथं तिकीट काढून कुणी बघायला जात नाही.

लांबच्या जंगलात का सोडत नाहीत?

हा सगळ्यांच्या मनात येणारा प्रश्न. विदर्भात हे करून झालेलं आहे.

२०१७च्या जुलैमध्ये ब्रह्मपुरी भागातून एक वाघीण पकडली आणि वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली. ती तिथं थांबलीच नाही. भटकत राहिली, आणखी माणसं दगावली, गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेचा धक्का लागून ती मेली.

दुसरं उदाहरण यवतमाळच्या टी-१चं, म्हणजे अवनीचं. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली. तिच्या मादी बछड्याला पकडून पेंचमध्ये मोठ्या बंदिस्त जागेत वाढवलं, शिकार करायला शिकू दिलं. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं. काही दिवसांतच तिथल्या दुसऱ्या वाघिणीशी झुंज झाली आणि जखमी होऊन तिचाही मृत्यू झाला.

"लांबच्या जंगलात" म्हणजे कुठं, हीच खरी अडचण आहे. चांगल्या जंगलात आधीच वाघ आहेत, आणि जिथं वाघ नाहीत तिथं बहुतेक वेळा शेतं, गावं आणि रस्ते आहेत.

मग वाघाच्या वाट्याला येतं तरी काय?

मध्य भारतातल्या नर वाघाचा वावर ५० चौरस किलोमीटरच्या पुढे सहज जातो. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या २००९च्या नियमांनुसार वाघांच्या एका जोडीसाठी मोकळी जागा किमान १,००० चौरस मीटर हवी. म्हणजे साधारण पाव एकर. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर भाजीपाल्याचा एक तुकडा.

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेला निष्कर्ष इथं महत्त्वाचा आहे. जंगलात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर जास्त मोठा, ते बंदिवासात जास्त त्रासात राहतात. पिंजऱ्यात त्याच त्या रेषेवर येरझाऱ्या घालणारा वाघ तुम्ही पाहिला असेल. लोक त्याला "रुबाब" म्हणतात. बहुतेक वेळा ती कोंडमाऱ्याची खूण असते.

धोका जागेचाच आहे असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू निघाला. संघर्षानंतर चंद्रपूरहून हलवलेले हे प्राणी होते. अनेक प्राणी एकाच आवारात असले की एका आजाराचं सावट सगळ्यांवर पडतं.

थोडक्यात, ही जन्मठेप आहे. काही वाघांसाठी ती टाळता येत नसेल, पण "सुरक्षित स्थळी हलवलं" या गोड वाक्यामागे नेमकं काय घडतं ते आपल्याला माहीत असायला हवं.

प्राणिसंग्रहालयं वाईटच असतात का?

नाही. आणि याचं उदाहरणही चंद्रपुरातच आहे.

गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरांमधून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशातली गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात ती बंदिवासात वाढवली गेली, म्हणून जंगलात परत आणायला पक्षी मिळाले. तिथली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये ताडोबात आणि पेंचमध्ये आणली गेली आणि पुढे मोकळी सोडली. त्यातली काही नंतर दगावली, पण वाट तरी उघडली. इथं पिंजरा हा जंगलात परत जाण्याचा रस्ता होता.

वाघाचं मात्र तसं नाही. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ होते. २०१८ मध्ये ३१२ होते. वाढ होतेय ती जंगलातच. त्यामुळे आरटी-१ला कोंडल्यानं वाघांची जात वाचते, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. त्याला कोंडलंय ते माणसं वाचावीत म्हणून. कारण योग्य आहे, पण त्याला संवर्धन म्हणता येणार नाही.

गोरेवाड्यातच २६ जानेवारी २०२१ ला बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानातली सफारी सुरू झाली. चंद्रपुरातून पकडलेला 'सुलतान' गोरेवाड्यातून डिसेंबर २०१९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेला, तो प्रजननासाठी. विदर्भात एकीकडे पकडलेल्या वाघांना जागा पुरवायची कसरत आणि दुसरीकडे पर्यटकांसाठी बंदिवासात नवे वाघ जन्माला घालायचे बेत, हे गणित सरकारनं एकदा लोकांना समजावून सांगायला हवं.

एक वाघ पकडला की प्रश्न सुटतो का?

त्या गावांचा त्या वेळचा प्रश्न सुटतो, हे मान्य करावंच लागेल. राजुऱ्यात तेव्हा वाघ पकडण्याला दुसरा पर्याय नव्हता. आठ घरांमध्ये माणूस गेल्यावर "सहजीवना"चं प्रवचन देण्यात अर्थ नसतो.

पण वाघाच्या जगात मोकळी जागा मोकळी राहत नाही. एका नराला उचललं की त्याच्या हद्दीत दुसरा, बहुतेक वेळा आईपासून नुकताच वेगळा झालेला तरुण वाघ येतो. त्याला ना वाटा माहीत असतात, ना गावं. आरटी-१नंतर दोन वर्षांनी, १३ ऑक्टोबर २०२२ ला, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात सीटी-१ पकडला गेला. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागात मिळून १३ माणसांचा बळी गेल्यावर. तोही गोरेवाड्यातच गेला. मग १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी मारल्या गेल्या.

जागा तीच, हंगाम तेच, कामं तीच. तेंदूपत्ता, मोहफूल, सरपण, गुरं. जंगलात जाणाऱ्या माणसाला पर्याय नाही आणि जंगलाबाहेर पडणाऱ्या वाघालाही नाही. राजुऱ्याच्या आजूबाजूला कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, रेल्वे आणि मधूनमधून जंगलाचे तुकडे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना वाघाला कापसाच्या शेतातूनच जावं लागतं.

मग करायचं काय?

पहिलं, पैसे दुर्घटनेच्या आधी खर्च व्हायला हवेत. माणूस दगावल्यावर कुटुंबाला २५ लाख रुपये देण्याची तरतूद २०२३ मध्ये झाली, ती हवीच. पण घरोघरी गॅस, शौचालय, सौर कुंपण, गुरांसाठी वैरण, गावातली प्राथमिक प्रतिसाद पथकं आणि वाघ आल्याची वेळेवर मिळणारी सूचना यांनी तो २५ लाखांचा धनादेश देण्याची वेळच टळू शकते. ताडोबाच्या वेशीवरच्या गावांमध्ये यातलं बरंच सुरू झालंय. राजुऱ्यासारख्या, व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या तालुक्यांनाही त्याचा तितकाच हक्क आहे.

दुसरं, पकडलेल्या प्रत्येक वाघाचा हिशेब लोकांसमोर असावा. तो का पकडला, माणसं त्यानंच मारली याचा पुरावा काय, पुनर्वसन का शक्य नाही, तो आता कुठं आहे आणि कसा आहे. लेखी कारणं नोंदवणं कायद्यानं बंधनकारक आहेच. ती वाचायला मिळाली, तर संतापानं वाघ उचलायची मागणी करणाऱ्यांना आणि शहरात बसून वाघ सोडा म्हणणाऱ्यांना, दोघांनाही उत्तर मिळेल.

तिसरं, पकडणं ही सवय होऊ नये. गावाजवळ दिसला म्हणून वाघ पकडा, अशी मागणी आता प्रत्येक हंगामात होते. दिसणारा वाघ आणि माणसावर वारंवार हल्ला करणारा वाघ यांत फरक आहे. तो पुसला गेला, तर गोरेवाड्यासारखी आणखी दहा केंद्रं बांधूनही जागा पुरणार नाही.

पुढच्या वेळी "नरभक्षक वाघ जेरबंद" असा व्हिडिओ तुमच्याकडे आला, तर तो पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा. हा वाघ गेल्यावर त्या गावात काय बदललं? उद्या सकाळी तिथली बाई सरपणाला कुठं जाणार आहे? तिला अजूनही त्याच जंगलात जावं लागत असेल, तर पुढच्या वाघासाठी पिंजरा तयार ठेवावा लागेल.