मुंग्या हातात, मूळ मनगटात

शिरूरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या घरी ब्लाउज शिवतात. लिहितात, “रात्री दोन-तीनला हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. परवा हातातून चहाचा कप निसटला. कुणी वात म्हणतं, कुणी मान. डॉक्टरांनी पुण्याला नसेची तपासणी करायला सांगितलीय. त्यात करंट देतात म्हणे! घरचे म्हणतात, एवढ्या मुंग्यांसाठी पुण्याला कशाला? मी काय करू?”

ताई, अवश्य जा. असंच अंगावर काढणाऱ्या इतर मैत्रिणींनीही हे वाचावं.

आपल्या मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे दोऱ्याच म्हणा ना, आणि एक नस त्यातून जाते. सूज येऊन जागा कमी पडली की नस दाबली जाते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. यात अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी बहुधा सुटते. शिवण, धुणं पिळणं, धारा काढणं यांनी त्रास वाढतो. गरोदरपण, मधुमेह आणि थायरॉइडचा विकार यांतही तो होतो.

मग तपासणी कशासाठी? दौंडच्या मैत्रिणींना हे चटकन कळेल. गाडी पुण्याला उशिरा पोचली, एवढ्यावरून ती अडली कुठे ते समजत नाही. पाटस, केडगाव, यवत, उरळी अशा स्टेशनांवरच्या वेळा पाहिल्या की उशीर कुठे झाला ते कळतं. नसेचंही तसंच. कोपराशी, मनगटाशी विजेचा हलका झटका देतात आणि संदेश पुढे पोचायला किती वेळ लागला ते यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतं. निरोगी नसेतून कोपर ते मनगट तो सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून वेगाने धावतो. तिथवर ठीक, पण मनगटाच्या बोगद्यातच मंदावला, तर दोष मानेचा नाही, मनगटाचा. ब्रिटनमधले डॉक्टर सिम्पसन यांनी १९५६ साली हे दाखवून दिलं.

झटक्याची भीती नको. जोराची टिचकी बसावी तसं वाटतं, बोटं आपोआप उडतात, इतकंच. एकंदर अर्धा-पाऊण तास लागतो. कधी अंगठ्याच्या स्नायूत बारीक सुई घालूनही पाहतात. ते आधी विचारून घ्या.

जाताना एवढं लक्षात ठेवा. जेवून जा. हाताला तेल किंवा क्रीम लावू नका. थंडीत हात शालीत गुंडाळून ठेवा, कारण गार हातात नसेचा वेग कमी दिसतो. अंगठ्या घरीच काढा. बांगड्यांचा प्रश्न नाजूक, ठाऊक आहे मला! त्या वाढवायला नकोत. आदल्या रात्री साबणाचा हात लावून अलगद उतरवा आणि घरी आल्यावर पुन्हा भरा. सासूबाईंना आधी समजावून सांगा, म्हणजे दारात वाद नको. हृदयाला पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तसं सांगा. तपासणीचा खर्चही आधीच विचारा.

अगदी सुरुवातीला तपासणी निर्दोष येऊ शकते. त्रास मात्र खराच असतो, तेव्हा कागद घेऊन डॉक्टरांकडे परत जा. दाब थोडा असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, कधी इंजेक्शन, एवढ्यावर भागतं. फार असेल तर छोटी शस्त्रक्रिया. तीही बहुधा नुसता हात बधिर करून.

उशीर मात्र करू नका. दोन्ही तळहात शेजारी धरून पाहा. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा एका हाताला सपाट दिसतो का? तसं असेल तर स्नायू झिजू लागला, आणि गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही.

ताई, ज्या हातांवर तुमचं शिवणयंत्र चालतं, त्यांच्यासाठी पुण्याची एक एस.टी. काही जास्त नाही. हे पान घरच्यांना वाचून दाखवा, आणि काय निघालं ते जरूर कळवा.