खुनांची साथ आणि रिचमंडचा उपाय

गावात पटकीची साथ आली की आरोग्य खाते लोकांना दोष देत बसत नाही. पहिला रोगी कोण, त्याने पाणी कुठले प्याले, त्याच्या सहवासात कोण आले, याचा आधी शोध घेतला जातो. मारामाऱ्या आणि खून वाढले की मात्र आपण एवढेच विचारतो, 'पोलीस काय करतात?' वास्तविक हिंसाचार हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असा ठराव जागतिक आरोग्य परिषदेने १९९६ सालीच केला. त्या ठरावाप्रमाणे वागायचे म्हणजे काय करायचे, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील रिचमंड या लहान शहराचा अनुभव उद्बोधक आहे.

हे रिचमंड कॅलिफोर्निया राज्यातले, सॅन फ्रान्सिस्कोहून खाडीपलीकडे वसलेले. वस्ती लाखाच्या थोडी वर. दुसऱ्या महायुद्धात येथे जहाजबांधणीचे मोठे कारखाने निघाले, दूरदूरहून मजूर आले. युद्ध संपले, कारखाने बंद पडले, माणसे मागे राहिली. पुढे बेकारी आली, टोळ्या आल्या आणि बंदुका आल्या. २००७ साली या शहरात ४७ खून झाले. आकडा लहान वाटेल. पण आरोग्यशास्त्रात नुसता आकडा पाहत नाहीत, दर लाख वस्तीमागे प्रमाण काढतात. ते येथे ४५च्या आसपास होते. साऱ्या अमेरिकेचे प्रमाण त्या वर्षी सहाच्या आसपास होते.

गोळीबार हा सूडातून पसरतो. आज एकाला गोळी लागते, उद्या त्याचा भाऊ किंवा मित्र बंदूक घेऊन निघतो. म्हणजे जखमी माणूस हा नुसता रुग्ण नसतो; पुढच्या लागणीचे ठिकाणही तोच असतो. शिवाय सगळा मोहल्ला गुन्हेगार नसतो. मूठभर तरुणांच्या हातून बहुतेक गोळीबार होतो. अशा वेळी रस्त्यावरच्या प्रत्येक पोराला धरून झडती घेणे म्हणजे साप सोडून भुई धोपटणे होय.

रिचमंडच्या नगरपालिकेने २००७ साली पोलिसांपासून वेगळे असे एक सुरक्षा कार्यालय काढले आणि ते डीव्होन बोगन यांच्याकडे सोपवले. ज्यांच्या हातून गोळी सुटण्याची किंवा ज्यांना गोळी लागण्याची शक्यता सर्वांत जास्त, असे तरुण २०१० पासून निवडले जाऊ लागले. त्यांना रोज भेटायला जाणारे कार्यकर्ते बहुधा त्याच वस्तीतले, काही तर स्वतः तुरुंग भोगून आलेले. शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती, मनाचा उपचार, जे लागेल ते अठरा महिने पाठीशी राहून द्यायचे. ठरवलेल्या गोष्टी पाळल्या तर काही महिने दरमहा हजार डॉलरपर्यंत भत्ताही मिळे. तो खाजगी देणग्यांतून. परगावच्या सहलीची अट तर मोठी मार्मिक होती: वैरी टोळीतला मुलगा सोबत असेल तरच जायचे!

गुंडांना पगार कशाला, असा आक्षेप तिथेही घेतला गेला. ज्याचा मुलगा मारला गेला, त्या बापाचा संताप समजण्यासारखा आहे. पण आपण क्षयरोगाचे काय करतो? रोग्याने औषध अर्धवट सोडू नये म्हणून त्याला समोर बसवून गोळी देतो. २०१८ पासून तर सरकार त्याला आहारासाठी दरमहा पैसेही देते. कारण तो बरा झाला तर शेजारी वाचतात. रिचमंडमधला पैसा असाच शेजाऱ्यांसाठी होता. क्षयरोग्याने काही गुन्हा केलेला नसतो, हा फरक मला मान्य आहे. म्हणूनच शिक्षा रद्द करा असे कोणी म्हणत नाही. शिक्षेची वेळच येऊ नये, एवढाच उद्देश.

गुण आला का? २०१४ साली खून ११ वर आले. मध्यंतरी आकडा पुन्हा चढला, पण २०२३ साली तो ८ होता. लहान शहरात एखाद्या वर्षाच्या आकड्याने हुरळूनही जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये. पाच-दहा वर्षांची चाल पाहावी. त्याच काळात पोलिसांनीही वस्तीतल्या लोकांशी संबंध सुधारले होते, तेव्हा सारे श्रेय एकाला देता येत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या उपक्रमानंतर बंदुकीमुळे होणारे मृत्यू आणि जखमांसाठीच्या रुग्णालयातील भेटी मिळून अपेक्षेपेक्षा वर्षाला ५५ टक्क्यांनी कमी आढळल्या. मात्र बंदुकीविना झालेल्या हिंसेत त्याच १६ टक्क्यांनी जास्त निघाल्या. औषधाचा गुण सांगताना त्याचा दोषही सांगावा, म्हणून हे नमूद केले.

तरीही माझे मत स्पष्ट आहे. बंदुकीची जखम प्राण घेते, हाणामारीची बहुधा टाक्यांवर निभावते. त्यामुळे हा सौदा तोट्याचा नाही. साथ आटोक्यात आली की खर्चाला कात्री लावण्याचा मोह सर्वत्र होतो. क्षयाची औषधे मध्येच सोडली की रोग अधिक चिवट होऊन उलटतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. खून कमी झालेल्या वर्षीच रिचमंडसारख्या शहरांनी हा उपचार सर्वांत कसोशीने चालू ठेवला पाहिजे.