वनशास्त्र, वननीती आणि तळेघरचा शेतकरी

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, घोडेगावाहून भीमाशंकरास जाणाऱ्या मार्गावर तळेघर हे गाव आहे. या परिसरातील शेतकऱ्याची शेती बांधापाशी संपत नाही. खाचरातील भात, वरकसावरील नाचणी व वरई, गुरांचा चारा, सरपण, चैत्र-वैशाखात वेचावयाचा बाळहिरडा आणि राबासाठी लागणारा टहाळ या सर्वांचा हिशेब एकत्र मांडला तरच त्याच्या प्रपंचाचा मेळ बसतो. यांपैकी निम्म्याहून अधिक गोष्टी झाडांशी निगडित आहेत. म्हणून वनविषयक धोरण हा केवळ वनखात्याचा प्रश्न नसून तो शेतीचाही प्रश्न आहे, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे.

हवामानबदलामुळे या प्रश्नास आज नवे रूप आले आहे. झाड वाढताना हवेतील कर्बवायू शोषून घेते. त्याच्या सुक्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कर्बाचा असतो. त्यामुळे जगातील राष्ट्रे आपापली जंगले आता कर्बाच्या भांडाराच्या रूपाने मोजू लागली आहेत. भारतानेही २०१५ साली असे जाहीर केले, की २०३० पर्यंत जंगले व वृक्षाच्छादन यांच्या द्वारे अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायूइतका अधिक साठा निर्माण करण्यात येईल. हा संकल्प स्तुत्यच आहे. परंतु तो कोणत्या ज्ञानाच्या आधारे अंमलात येणार, यावर तळेघरसारख्या गावांचे बरेवाईट अवलंबून आहे.

जुन्या इतिहासाचा धडा

शास्त्राच्या आधारे वननीती ठरविण्याची कल्पना या भागास नवीन नाही. जुन्नर भागातील हिवरे येथील वनस्पतिउद्यान सांभाळणारा डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा १८४७ साली मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. कोकणातील डोंगर उघडे पडताच तेथील झरे आटू लागले, असे त्याने सरकारच्या निदर्शनास आणून दिले होते. जंगलतोडीच्या परिणामांविषयी १८५१ साली इंग्लंडातील शास्त्रज्ञांच्या परिषदेपुढे जो अहवाल मांडण्यात आला, त्यात हिंदुस्थानातील अशा निरीक्षणांचा आधार घेतलेला होता. पुढे १८६४ साली डिट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. जेवढी वाढ तेवढीच तोड, हे युरोपात कार्लोविट्झ याच्या १७१३ सालच्या ग्रंथापासून रुजत गेलेले तत्त्व ब्रँडिसबरोबर येथे आले.

हे तत्त्व योग्यच होते. परंतु ते लागू करताना सागाचे घनफूट मोजले गेले. शेतकऱ्याच्या गरजा मात्र मोजल्या गेल्या नाहीत. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा ठरू लागल्या आणि राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. भातरोपांसाठी जमीन भाजणे हा निव्वळ अडाणीपणा आहे, अशी अनेक अधिकाऱ्यांची समजूत होती. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला, की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास शेतकी खात्याने लोणावळे येथे राबाचे प्रत्यक्ष प्रयोग केले. भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून रोपास पोषण मिळते आणि जमिनीचा पोतही सुधारतो, तेव्हा राबामागे सबळ कारण आहे, असे त्यांतून दिसून आले.

या सर्वांचा परामर्श डॉ. व्होएल्कर या कृषिरसायनज्ञाने आपल्या १८९३ सालच्या अहवालात घेतला. शेणाच्या गोवऱ्या जळतात कारण शेतकऱ्यास दुसरे सरपण मिळत नाही; म्हणून शेतीस पूरक अशी सरपण व चाऱ्याची राने निर्माण करावीत, असे त्याचे सांगणे होते. १८९४ च्या वनधोरणावर या अहवालाचा प्रभाव पडला. अर्थात कागदावरील धोरण आणि रानातील व्यवहार यांत अंतर राहिलेच. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. अर्धवट शास्त्राने निर्माण केलेला तंटा अधिक चांगल्या शास्त्राने, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगाने व मोजणीने, काही अंशी तरी मार्गी लागला.

युरोपात काय घडले

ज्या युरोपातून हे शास्त्र आले, तेथेही मधल्या काळात बरेच काही घडले आहे. नॉर्वेने १९१९ साली, फिनलंडने १९२१ साली व स्वीडनने १९२३ साली संपूर्ण देशाच्या जंगलाची पद्धतशीर गणना सुरू केली. पुढे ठराविक जागी कायमचे नमुना-तुकडे आखून त्यांतील झाडे ठराविक वर्षांनी पुन्हा पुन्हा मोजण्याची पद्धत रूढ झाली. युरोपीय संघाच्या आजच्या हवामान धोरणाचा पाया ही कंटाळवाणी वाटणारी मोजणीच आहे. जमीन व जंगले यांनी २०३० मध्ये ३१ कोटी टन कर्बवायू निव्वळ शोषून घ्यावा, असे उद्दिष्ट संघाने २०२३ साली कायद्याने निश्चित केले.

परंतु त्याच मोजणीने एक कटू सत्यही उघड केले. मध्य युरोपात कित्येक पिढ्या लवकर वाढणाऱ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची एकसुरी लागवड झाली होती. २०१८ पासून लागोपाठ अवर्षणे पडली, झाडे अशक्त झाली आणि सालीखालील भुंगेऱ्यांनी त्यांचा फडशा पाडला. एकट्या जर्मनीत २०२१ पर्यंतच्या सुमारे तीन वर्षांत ५ लाख हेक्टरांवरील झाडे नष्ट झाली. जर्मनीच्या २०२२ सालच्या वनगणनेत तर असे आढळले, की २०१७ नंतर तेथील जंगलांतील कर्बाचा साठा वाढण्याऐवजी घटला आहे. आता तेथे बीच, ओक इत्यादी पानझाडांची मिश्र जंगले करण्यावर भर दिला जात आहे.

यातून घ्यावयाचा बोध उघड आहे. झाडांची संख्या म्हणजे जंगल नव्हे. एकाच जातीची, एकाच वयाची झाडे लावून कागदावर साठा झपाट्याने वाढतो, परंतु एखाद्या संकटात तो तितक्याच झपाट्याने नाहीसा होतो. आणि दुसरे असे, की युरोपास आपली चूक कळली ती मोजणी चालू होती म्हणूनच. जेथे मोजणी नसते तेथे चूकही दिसत नाही.

तळेघरच्या डोंगरात काय मोजावे

भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करते. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून हे काम चालते व त्यास जमिनीवरील नमुना-मोजणीची जोड असते. एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर झाडांच्या छायेचे प्रमाण १० टक्के वा अधिक असल्यास ते क्षेत्र वनाच्छादनात धरले जाते, मग झाडाची जात व जमिनीची मालकी कोणतीही असो. देशाचा एकूण आढावा घेण्यास ही व्याख्या सोयीची आहे. परंतु तिच्या दृष्टीने भीमाशंकरचे जांभूळ, अंजनी व हिरडा यांचे जुने सदाहरित रान आणि एखादी एकसुरी लागवड ही दोन्ही वनाच्छादनच ठरतात. तळेघरच्या शेतकऱ्यास मात्र त्यांतील फरक पुरता ठाऊक असतो. एकातून त्यास बाळहिरडा, मध, औषधी व बारमाही झरा मिळतो. दुसऱ्यातून फार तर सावली मिळते.

गावकऱ्यांचे हे ज्ञान शास्त्राच्या कसोटीस उतरलेले आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. आसपासचे रान तुटले असताही देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांत मूळच्या वनस्पती टिकून राहिल्या आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले १९८५ साली. देवराया त्याच्या कितीतरी आधीपासून राखलेल्या आहेत. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ साली ग्रामसभांच्या विचाराने संरक्षण ठरवावे असे सुचविले. कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली मुख्यतः उपग्रहचित्रांच्या आधारे क्षेत्र निश्चित केले. त्यानंतर २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे वारंवार निघत आले आहेत. या वादात एक उणीव कायम राहिली आहे. गावाच्या शिवारात प्रत्यक्ष काय आहे व ते कसे बदलत आहे, याची गावाने व शास्त्रज्ञांनी मिळून केलेली सलग नोंद फार थोड्या ठिकाणी आहे.

ही नोंद नसल्याची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याचे मोठे नुकसान केले. भाताची वा ज्वारीची नोंद सातबाऱ्यावर असते. हिरड्याच्या झाडाचे उत्पन्न किती, याची सर्वमान्य नोंद सहसा नसते. साहजिकच भरपाईचा प्रश्न दीर्घ काळ रेंगाळला. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून सुमारे दीडशे माणसे प्राणास मुकली. अतिवृष्टी, तीव्र उतार, मातीचा प्रकार व उतारावरील बदल यांचा प्रत्येकी वाटा किती, यावर पुष्कळ चर्चा झाली. उतारावरील माती, पाणी व झाडे यांची आधीपासूनची मोजणी उपलब्ध असती, तर अशा चर्चेस भक्कम आधार मिळाला असता.

शेतकऱ्याचाही वाटा

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राबामागे कारण आहे, एवढ्याने त्याची झळ कमी होत नाही. दर वर्षी ऐन-किंजळाच्या फांद्या छाटल्याने झाड खुरटते, त्यास बी धरत नाही व नवे रोप उगवत नाही. राबाची वा गवताची आग रानात शिरली तर हिरड्याची कोवळी रोपे जळून जातात. माणसे वाढली, रान आकसले. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वीचा व्यवहार तसाच चालविता येणार नाही. परंतु निव्वळ बंदीनेही तो थांबणार नाही, हे १८८७ च्या अहवालापासूनचा इतिहास सांगतो. पर्याय हाती देणे हाच खरा उपाय होय.

असा पर्याय उपलब्ध आहे. चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेच्या मातीत दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला दर गुंठ्यास सुमारे ३० किलो या प्रमाणात चिखलणीपूर्वी खाचरात घालतात. तूस गिरणीत मिळते व गिरिपुष्प बांधावर छाटणीनंतर पुन्हा फुटते; त्यामुळे रानातील झाडावरचा भार हलका होतो. मात्र गिरिपुष्प हे परदेशी झाड आहे. त्याची जागा बांधावर असावी, रानात ते लावू नये.

कर्तव्याची दिशा

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे, तसेच गौण वनोपजावरील मालकीही मान्य केली आहे. या हक्कास मोजणीची जोड देणे आवश्यक आहे. गावाच्या रानात दहा-वीस कायमचे तुकडे आखावेत. त्यांतील प्रत्येक झाडाची जात लिहावी आणि जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर त्याचा घेर मोजावा. किती नवी रोपे आली, किती जगली याची दर वर्षी त्याच महिन्यात नोंद करावी. हिरड्यास मोहोर केव्हा आला, बाळहिरडा किती वाळला, झरा कोणत्या पंधरवड्यात आटला, हेही त्याच वहीत लिहावे. शाळेतील वरच्या वर्गातील मुलेही हे काम करू शकतील. वनखाते, कृषिखाते व विद्यापीठे यांनी मोजणीची रीत शिकवावी व या नोंदी आपल्या अहवालांत सन्मानाने स्वीकाराव्यात.

वृक्षलागवडीचे यश किती खड्डे खोदले यावर न ठरविता पाचव्या वर्षी कोणत्या जातीची किती झाडे उभी आहेत यावर ठरवावे. राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. एवढ्या मोठ्या प्रयत्नाचे खरे मोल जगलेल्या झाडांतच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लावावयाची झाडे हिरडा, जांभूळ, अंजनी यांसारखी तेथलीच असावीत. ती सावकाश वाढतात व कर्बाच्या हिशेबात पहिली काही वर्षे मागे दिसतात. परंतु ती वादळात व अवर्षणात टिकतात आणि त्यांपासून शेतकऱ्यास उत्पन्न मिळते. ज्या झाडापासून शेतकऱ्यास दर वर्षी काही मिळते, त्या झाडावर तो सहसा कुऱ्हाड चालवीत नाही, आणि त्या झाडातील कर्बही सुरक्षित राहतो.

घोड व भीमा या नद्या याच डोंगरांत उगम पावतात आणि खालच्या बागायतीचे भवितव्य वरच्या रानावर अवलंबून आहे. ते रान राखण्याची अपेक्षा तळेघरच्या शेतकऱ्याकडून करावयाची असेल, तर त्याच्या नोंदवहीस धोरणात स्थान देणे हे न्याय्य आहे व शास्त्रास धरूनही आहे.