'विरुद्ध' या शब्दाविरुद्ध

कथा कशी लिहावी हे शिकवणारं काहीही उघडा. रील असो, वर्कशॉपची स्लाइड असो नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ, ती यादी येतेच. माणूस विरुद्ध माणूस. माणूस विरुद्ध निसर्ग. माणूस विरुद्ध समाज. माणूस विरुद्ध स्वतः. कुणी त्यात नियती घालतं, कुणी तंत्रज्ञान, की झाले सहा. मग सल्ला मिळतो: तुमच्या कथेतला संघर्ष यातला कोणता ते आधी ठरवा, बाकीचं आपोआप सुचेल.

माझं म्हणणं सरळ आहे. ही यादी कथा समजून घ्यायला मदत करत नाही. उलट कथेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती झाकते: लढणाऱ्या दोघांना लढाईची सारखी किंमत मोजावी लागत नाही. आणि आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या कथांमध्ये तर तीच खरी कथा असते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वर्गीकरणावर माझं पोट चालतं. आमच्याकडे बग सापडला की तिकीट बनतं. तिकिटावर एक ड्रॉपडाउन असतो: नेटवर्क, डेटाबेस, युजरची चूक, इतर. तो रकाना भरला की तिकीट बरोबर टीमकडे जातं. त्या रकान्याचं काम तेवढंच. बग का आला हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी लॉग वाचत बसावं लागतं, ओळीमागून ओळ. नुसता रकाना भरून 'कळलं' म्हणणाऱ्याला आम्ही प्रॉडक्शनच्या आसपास फिरकू देत नाही. कथेच्या बाबतीत मात्र रकाना भरणारालाच जाणकार म्हणतात.

सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण घेऊ. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ साली आला. दोन वर्षांनी त्याचा हिंदी रिमेक आला, 'धडक'. यादीच्या हिशेबाने दोन्ही सिनेमांचा रकाना एकच: माणूस विरुद्ध समाज. दोन्हीकडे राजकारणी बापाची मुलगी, दोन्हीकडे पळून जाणं, परक्या शहरातला संसार, बाळ, आणि शेवटी माहेरची माणसं. मग 'धडक' बघताना आपल्यातल्या अनेकांना काहीतरी हरवल्यासारखं का वाटलं?

जे हरवलं ते रकान्यात मावणारं नव्हतं. 'सैराट'मध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या कानाखाली वाजवतो आणि त्याचं काहीही वाकडं होत नाही. त्या थपडेचा प्रेमकथेशी थेट संबंध नाही. कथानकाचा आराखडा काढायला बसलात तर ती गाळूनही टाकाल. पण त्या गावात कुणाचा हात कुणावर उठू शकतो हे त्या एका क्षणात कळतं आणि तिथून पुढे आपल्या पोटातला गोळा जात नाही. पोरगी पळाल्यावर आर्चीच्या बापाची इभ्रत जाते. परश्याच्या बापाला मात्र जातपंचायतीपुढे गयावया करावी लागते. पळाले दोघं एकत्र, पण बिल दोन घरांना वेगवेगळं आलं.

'धडक'मध्ये गोष्ट उदयपूरला गेली आणि जात पुसट झाली. शेवटही बदलला. 'सैराट'मध्ये दोघंही मारली जातात आणि लेकरू मागे उरतं. 'धडक'मध्ये मुलगा आणि बाळ जातात, मुलगी उरते. कोण मरतं आणि कोण उरतं एवढा मोठा फरक, पण यादीला तो दिसत नाही. तिच्याकडे 'विरुद्ध'च्या दोन्ही बाजूंना एकेक खोकं आहे आणि दोन्ही खोकी एकाच मापाची आहेत.

त्यातलं 'समाज' नावाचं खोकं तर अडगळीची खोलीच आहे. जे कुठे बसत नाही ते तिथे कोंबायचं. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा. शीर्षककथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि जात लपवतो. आता रकाना भरा. माणूस विरुद्ध समाज? पण जात कळेपर्यंत तीच माणसं त्याला मान देतात, आपला म्हणतात. माणूस विरुद्ध स्वतः? घालमेल आहे खरी, पण ती काही त्याने हौसेने पाळलेली नाही. माणूस विरुद्ध माणूस? शेवटी मारहाण होते, पण मार खाल्लेला हा माणूस मारणाऱ्यांकडे बोट दाखवत नाही, मनूकडे दाखवतो.

यादीवाले म्हणतील, एका कथेत अनेक प्रकार असू शकतात. चार ठिकाणी टिकमार्क करा! केले. समज चौपट झाली का? बागुलांच्या कथेत चार संघर्ष नाहीतच, एकच आहे. तो बाहेर काठी होऊन मारतो आणि आत भीती होऊन बसतो. त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या डब्यांत ठेवले की काठी आणि भीती यांचं नातं तुटतं.

हे तुटणं निरुपद्रवी नाही. मंजुळेंच्याच 'फँड्री'मधला जब्या आठवा. शाळेतली पोरं बघत असताना त्याला घरच्यांबरोबर डुक्कर पकडावं लागतं आणि तो शरमेने लपत राहतो. यादी या शरमेला 'माणूस विरुद्ध स्वतः' म्हणेल. एकदा तशी नोंद झाली की कुंपणावर बसून हसणारे सुटले. भानगड जब्याच्या आतली ठरली. शेवटी जब्या भिरकावतो तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, म्हणजे आपल्याकडे. 'विरुद्ध'च्या पलीकडे कोण उभं आहे हे त्या दगडाला माहीत आहे. यादीत प्रेक्षकासाठी रकानाच नाही.

आणि जिथे कुणी लढतच नाही तिथे? चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप आहे की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. सरकारी वकीलबाई खलनायिका नाहीत. कोर्ट सुटल्यावर त्या घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. सगळे आपापली ड्युटी करतायत आणि एका म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य तारखांमध्ये संपतंय. एकासाठी तो कामाचा आणखी एक दिवस, दुसऱ्यासाठी उरलेला जन्म. या दोघांच्या मध्ये 'विरुद्ध' लिहायला जागाच नाही, तरी हा मराठीतला सगळ्यात जीवघेण्या संघर्षाचा सिनेमा आहे.

'अरे, यादी नवशिक्यांसाठी असते, एवढं काय मनाला लावून घेतोस?' हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय. पण नवशिक्यांचं लिखाण निवडणारे लोकही हीच यादी खिशात घेऊन बसतात. एका कथास्पर्धेच्या ऑनलाइन फॉर्मवर 'संघर्षाचा प्रकार' असा रकाना होता, भरल्याशिवाय पुढेच जाता येत नव्हतं. माझी कथा आयटी पार्कमधल्या हाउसकीपिंगच्या मावशींवर होती. त्या रोज सहा मजल्यांचं पँट्री आवरतात आणि स्वतःचा डबा जिन्यात बसून खातात. कथेत कुणी त्यांना वाईट बोलत नाही. मी 'इतर' निवडलं. परीक्षकांचा शेरा आला: भाषा चांगली, पण संघर्ष दिसत नाही.

दिसणार कसा? भांडायला परवडावं लागतं. मावशींनी एकदा आवाज चढवला तर दुसऱ्या दिवशी ठेकेदार दुसरी बाई आणेल. त्यांचं गप्प बसणं हाच त्यांचा संघर्ष आहे आणि तो चोवीस तास चालू आहे. 'विरुद्ध' शोधणाऱ्या डोळ्यांना फक्त ज्यांना समोरासमोर उभं राहणं परवडतं तेच दिसतात. बाकीच्यांच्या आयुष्यात 'काही घडत नाही' असा शेरा मारून कथा परत येतात. पुढची कथा लिहिताना तोच मुलगा किंवा मुलगी मग एक खलनायक घुसवते, एक थप्पड, एक पाऊस, आणि खरी गोष्ट जिन्यातच राहते.

कथेला संघर्ष नकोच असं मी म्हणत नाहीये. संघर्ष हवाच, पण त्याची जात विचारणं सोडून द्या. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. हरल्यावर कोण काय गमावणार? मैदान सोडून कोण जाऊ शकतं आणि कोण नाही? आणि लढाई चालू आहे हे कुणाला कळतसुद्धा नाही? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण त्याचं उत्तर बरेचदा लिहिणारा स्वतः असतो, किंवा एसीत बसून पँट्रीतला चहा पिणारा वाचक.

हे प्रश्न ड्रॉपडाउनमध्ये बसत नाहीत. म्हणूनच पुढच्या वेळी कुणी फॉर्म पुढे केला आणि विचारलं, 'तुमच्या कथेतला संघर्ष कोणत्या प्रकारचा?', तर त्यालाच उलट विचारा: 'कुणाच्या बाजूने मोजू?'