निवेदन : जुन्या मेलच्या फायली उघडून द्या, तोवर संगणक भंगारात काढू नका

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय

विषय : बंद झालेल्या मेल-व्यवस्थेतील ओएसटी फायली वाचून सेवाविषयक पत्रव्यवहार उपलब्ध करून देण्याबाबत व जुन्या संगणकांचे निर्लेखन थांबवण्याबाबत

संदर्भ : १) गेल्या दिवाळीपूर्वीचे आमचे पत्र २) संक्रांतीनंतरचे स्मरणपत्र ३) जूनमधील बैठकीत हाती दिलेले पत्र व त्या वेळी आपण दिलेला शब्द

महोदय,

या विषयावरचे हे आमचे चौथे निवेदन. पहिल्या पत्राची पोच मिळाली, उत्तर नाही. दुसऱ्यावर ‘संगणक कक्षाकडे वर्ग’ असा शेरा पडला आणि ते तिथेच राहिले. तिसरे आम्ही बैठकीत आपल्या हाती दिले. ‘पंधरा दिवसांत यादी करून कामाला सुरुवात करतो,’ असे आपण सर्वांसमक्ष सांगितलेत. त्याला चार महिने झाले. यादी झाली नाही. आली ती एक ओळ : ‘सदर फायली मूळ प्रणालीशिवाय उघडणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.’ आणि आता तळमजल्यावर रचून ठेवलेल्या संगणकांच्या लिलावाचा प्रस्ताव तयार असल्याचे कळते. म्हणून हे निवेदन तातडीचे आहे. अभिलेख जतनाचे नियम आपणास ठाऊक आहेत, ते इथे उतरवत नाही.

‘शक्य नाही’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही, कारण ते वस्तुस्थितीला धरून नाही.

कार्यालयात एक्स्चेंज सर्व्हर होता तेव्हा प्रत्येकाच्या टेबलावरचे आउटलुक आपल्या मेलपेटीची एक प्रत त्याच संगणकात ठेवत असे. नेट गेले तरी काम अडू नये, म्हणून आउटलुक २००३ पासूनची ही सोय. तीच ओएसटी फाइल. सर्व्हर बंद केला, नवी मेल-व्यवस्था आली, जुन्या पेट्या नव्या व्यवस्थेत नेण्याचे ‘पुढच्या टप्प्यात’ ठरले. तो टप्पा आलाच नाही. त्यामुळे आमच्या दहाएक वर्षांच्या पत्रव्यवहाराची एकमेव प्रत आज या संगणकांच्या हार्ड डिस्कवर उरली आहे.

ओएसटी ही ज्या खात्याने तयार केली त्या खात्याला बांधलेली असते, हे खरे. पीएसटी फाइल आउटलुकमध्ये सरळ उघडता येते, ओएसटी दुसऱ्या संगणकावर नेली की आउटलुक ती घेत नाही. आपल्या ठेकेदाराच्या माणसाने शेवटची तीन अक्षरे बदलून तिला पीएसटी केले आणि ‘बघा, तरी उघडत नाही’ असे दाखवले. नाव बदलून फाइल उघडत नाही, हे आम्हीही सांगतो. पण आउटलुक उघडत नाही म्हणजे कुणालाच उघडत नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. या फायलींची अंतर्गत रचना आता गुपित राहिलेली नाही. पीएसटीचा आराखडा खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ओएसटीची बांधणी त्याच घराण्यातली. योआकिम मेट्झ यांनी लिहिलेले ‘लिबपीएफएफ’ हे मुक्त साधन पीएसटी आणि ओएसटी दोन्ही वाचते. त्याला आउटलुक लागत नाही, सर्व्हर लागत नाही, जुन्या खात्याचा पासवर्ड लागत नाही, आणि एक रुपयाही लागत नाही.

‘फाइल एन्क्रिप्टेड आहे’ असेही आम्हाला तोंडी सांगण्यात आले. आउटलुकचे नेहमीचे एन्क्रिप्शन म्हणजे एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, इतकेच. त्याचा तक्ता त्याच प्रसिद्ध आराखड्यात छापलेला आहे. डिस्कलाच कुलूप लावले असेल तर गोष्ट वेगळी, पण तसे या कार्यालयात कधी केले गेले नव्हते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. प्रस्तुत निवेदन लिहिणाऱ्या सचिवाने आस्थापना शाखेत नोकरी केली. निवृत्तीच्या दिवशी संगणक कक्षातल्या एका सहृदय सहकाऱ्याने त्याच्या मेलपेटीची ओएसटी पेनड्राइव्हवर घालून दिली होती. घरी दोनदा क्लिक करून काही झाले नाही. मग फाइल कच्च्या स्वरूपात उघडून पाहिली. पहिलीच चार चिन्हे दिसली : उद्गारचिन्ह, बी, डी, एन. आउटलुकच्या डेटा फायलीची ही ओळखखूण. म्हणजे निदान तोंड तरी शाबूत होते. मुलाच्या लिनक्स लॅपटॉपवर लिबपीएफएफमधली पीएफएफएक्स्पोर्ट ही आज्ञा चालवली आणि चहा होईपर्यंत इनबॉक्स, सेंट आयटम्स, ‘बदल्या’, ‘रजा-मंजुरी’ असे त्याने स्वतः केलेले फोल्डर एकाखाली एक उलगडू लागले. प्रत्येक पत्राचा वेगळा कप्पा, त्यात मजकूर, पाठवणारा, घेणारा, तारीख-वेळ आणि जोडपत्रे. हेच प्रात्यक्षिक जूनच्या बैठकीत आपल्या टेबलावर करून दाखवले. आपल्या तांत्रिक अधिकाऱ्यांनी ते खुर्ची पुढे ओढून पाहिले आणि मान्य केले. त्यानंतर ‘शक्य नाही’ असे लेखी उत्तर कोणत्या आधारावर आले, याचा खुलासा आम्ही मागत आहोत.

यात माणसे कशी भरडली जात आहेत, ते एका उदाहरणाने सांगतो. आमचे एक सहकारी निवृत्तीनंतर दोन वर्षांत गेले. वेतननिश्चितीचा विकल्प त्यांनी मुदतीत दिला होता, पण सेवापुस्तकात त्याची नोंद नाही. विकल्प मेलने दिला होता, कारण त्या काळात ‘कागद वाचवा’ असे परिपत्रक होते आणि कागदी प्रत आवकला द्यायला गेलेल्यांना परत पाठवले जात होते. आता त्यांच्या पत्नीला आस्थापना शाखा सांगते, ‘विकल्प दिल्याचा पुरावा आणा.’ पुरावा त्यांच्या सेंट आयटम्समध्ये आहे. त्यांचा संगणक तळमजल्यावर दारापासून तिसऱ्या थप्पीत, वरून दुसरा आहे. त्यांच्या हातची, टेबल क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी अजून त्यावर आहे. वहिनींनी ती आमच्यासमोर बोटाने पुसून पाहिली. ज्या कार्यालयाकडे पुरावा आहे तेच कार्यालय पुरावा मागते, आणि तोच संगणक वजनावर विकायला निघाले आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या फरकासाठी या बाईंनी आणखी किती खेपा घालायच्या? पहिल्या खेपेला त्यांना ‘गणपती झाल्यावर या’ सांगितले, दुसऱ्या खेपेला ‘नवा ठेका झाला की पाहू’. गणपती झाले, ठेकाही झाला.

असे एकच प्रकरण नाही. रजा-रोखीकरण, प्रतिनियुक्तीचा काळ, वैद्यकीय प्रतिपूर्ती, अशा अनेकांच्या अडलेल्या दाव्यांचा धागा याच फायलींत आहे. सभासदनिहाय तक्ता सोबत जोडला आहे. तो दुसऱ्या पत्रालाही जोडला होता.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, एकही संगणक फॉरमॅट न करता, लिलावात न देता, प्रत्येक हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत आधी घ्यावी आणि पुढचे सगळे काम प्रतीवरच करावे. हे आवर्जून लिहिण्याचे कारण आहे. ठेकेदाराने एका संगणकावर आउटलुकचे स्कॅनपीएसटी हे दुरुस्ती-साधन थेट मूळ फायलीवर चालवल्याचे आम्ही पाहिले आहे. ते साधन फाइल नुसती तपासत नाही, तिच्यात बदल करते. प्रत न घेता असे करणे म्हणजे एकुलता दस्तऐवज खोडरबर घेऊन वाचणे.

ज्या संगणकांवर जुने आउटलुक आणि खात्याचे प्रोफाइल अजून शाबूत आहे, तिथे तर याहून सोपा मार्ग आहे. प्रत घेऊन झाल्यावर नेटवर्कची वायर काढून संगणक सुरू करावा, आउटलुक ऑफलाइन उघडावे आणि निर्यात करून पीएसटी काढून घ्यावी. विंडोज नव्याने टाकले की हा मार्ग कायमचा बंद होतो. दोन संगणकांवर जूननंतरही विंडोज नव्याने टाकले गेले, म्हणजे आपल्या आश्वासनानंतर. हे आम्हाला फार लागले आहे.

‘दोन-चार अधिकाऱ्यांच्या फायली घेतल्या म्हणजे पुरे’ ही सूचनाही मान्य होण्यासारखी नाही. जुन्या आउटलुकच्या ओएसटीत सहसा पूर्ण पेटी उतरत असे. २०१३ च्या आवृत्तीपासून किती महिन्यांचे मेल संगणकात ठेवायचे याची मर्यादा आली, आणि सर्वसाधारणपणे ती आपोआप १२ महिन्यांवर असे. म्हणजे उशिरा बदललेल्या नव्या संगणकात एका वर्षाचाच व्यवहार असू शकतो आणि उरलेला त्याच टेबलावरच्या आधीच्या, आता थप्पीत गेलेल्या संगणकात. कोणता संगणक रिकामा आणि कोणता भरलेला, हे उघडल्याशिवाय कळणार नाही.

फायली कोणत्याही संकेतस्थळावर चढवून रूपांतर करून घेऊ नयेत. त्यांत आमचे आजार, बँक खाती, कौटुंबिक अर्ज आहेत. पैसे घेणारी काही सॉफ्टवेअर फुकट आवृत्तीत नुसती यादी दाखवतात आणि पत्रे सोडवण्याचे पैसे मागतात. तो खर्च ‘संबंधितांनी सोसावा’ असे आम्हाला सुचवण्यात आले. हे आम्ही स्पष्टपणे नाकारतो.

बाहेर काढलेली पत्रे बहुतेक मेल-प्रोग्रामांत उघडतील अशा ईएमएल किंवा एमबॉक्स स्वरूपात ठेवावीत, म्हणजे दहा वर्षांनी पुन्हा हीच वेळ येणार नाही.

जुन्या जोडपत्रांत योगेश, कृतिदेव अशा फाँटमधला मराठी मजकूर आहे. फाँट नसेल तर तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि ‘फाइल खराब’ ठरवून बाजूला टाकला जातो. ते फाँट जपावेत.

दाव्यासाठी लागणाऱ्या पत्रांच्या साक्षांकित प्रती विनाशुल्क द्याव्यात.

या कामासाठी मंडळाचे दोन सभासद रोज विनामोबदला येण्यास तयार आहेत. हे जूनमध्येही सांगितले होते. आपल्या कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली बसू, कुणाचे खासगी पत्र वाचणार नाही, तसे लेखी देऊ.

निर्लेखन स्थगित केल्याचा लेखी आदेश लिलावाची नोटीस निघण्यापूर्वी मिळावा. आता ‘पंधरा दिवस’ नकोत, तारीख हवी. ती न मिळाल्यास मंडळाचे सभासद तळमजल्यावरच्या दाराशी शांतपणे बसतील. वहिनींनीही येण्याचे ठरवले आहे. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता लॅपटॉप आणि रिकामी हार्ड डिस्क घेऊन आम्ही आपल्या दालनाबाहेर हजर राहू. तिसऱ्या थप्पीतल्या त्या संगणकापासून सुरुवात करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
सचिव,
सेवानिवृत्त कर्मचारी मंडळ

सोबत : सभासदनिहाय प्रलंबित दाव्यांचा तक्ता, मागील तिन्ही पत्रांच्या पोचप्रती